राठोड बाईंचा चुकारा

राठोड बाई हसायला लागल्या की आमच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. खोटं नाही सांगत. हसू पोटातून निघायचं, मध्येच कुठेतरी अडकायचं, बाई दोन्ही हातांनी गुडघे धरायच्या, आणि मग ते असं फुटायचं की रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून खाली उतरायचा. "काय झालं वं?" म्हणून विचारायचा. बाईंना सांगता यायचं नाही. त्या नुसता हात हलवायच्या, आणि तो माणूस काही न कळताच हसत पुढे जायचा.

बाई आमच्या गावच्या शाळेत शिकवायच्या. गाव नेरपासून बसने फार लांब नाही, पण बस येईल तेव्हा. म्हणून त्यांनी आमच्या घराची पुढची खोली आणि ओसरी भाड्याने घेतली. माहेर पुसदकडच्या तांड्यावरचं. यजमान फौजेत, वर्षातून एकदा यायचे आणि बाईंच्या हसण्याला घाबरून पहिले दोन दिवस मळ्यात जाऊन बसायचे, असं बाईच सांगायच्या.

आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. काही नाही तर गुळाचा खडा तरी टाकतात. बाईंनी या रिवाजाचा पार कायदा करून टाकला होता. त्यांच्याकडे गेलेली वाटी भरून यायची, आणि त्यांची वाटी कुणाकडे राहिली तर त्या भर चौकात विचारायच्या, "काहो, माही वाटी तुमच्याकडं नांदून राह्यली का? माहेरी धाडा ना आता!" वाटी कितीही पोचकी असो. मी एकदा म्हटलं, बाई, एवढ्याशा वाटीसाठी कशाला? तर म्हणाल्या, "वनिते, गोष्ट वाटीची नाही. देल्लं थे वापस आलं पायजे. न मागता आलं तं गोड, मागून आलं तं त्याहून गोड."

रविवारी दुपारी भांडी झाली की त्या ओसरीवर बायकांना जमवायच्या. आदल्या दिवशीचा पेपर मधे पसरायचा आणि एकीने एक ओळ वाचायची. माझी चौथी झालेली, कुणाची दुसरी, कुणी नुसती अक्षरं जुळवणारी. आम्ही मोठ्या बातम्यांच्या वाटेला फारसं गेलो नाही. आमची आवडती जागा म्हणजे लग्नाच्या जाहिराती. अमरावतीच्या एका इंजिनियरला आम्ही सगळ्यांनी मिळून नाकारलं, कारण त्याला 'घरकामात निपुण, मितभाषी' मुलगी हवी होती. "मितभाषी म्हंजे काय?" एकीने विचारलं. बाई म्हणाल्या, "म्हंजे त्याची माय बोलनार, आन् हिनं आयकाचं." झालं. म्हैस उभी.

ह्या बैठकीवर माझे सासरे नाराज होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. त्यांच्यासमोर मी पदर सावरून भिंतीला लागून जायचे, बोलायचं तर दूरच. ते अंगणातून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "बाया वाचून राह्यल्या का खिदळून राह्यल्या?" बाई आतून ओरडायच्या, "दोन्ही, काकाजी! तुमी बी या!" मामाजी खाकरून निघून जायचे.

एका फेब्रुवारीत बाई पगार घेऊन आल्या त्या हसतच. मास्तर लोकांचा टॅक्स त्या महिन्यात कापला जातो, आणि बाईंनी घरभाड्याच्या पावत्या ऑफिसात वेळेवर दिल्या नव्हत्या, म्हणून जास्तीचा कापला गेला. "वनिते, यंदा सरकारनं मले पगार नाही देल्ला वं, परसाद देल्ला!" असं म्हणून त्यांनी ओंजळ पुढे केली आणि ती कपाळाला लावली. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की रिटर्न भरला तर जास्तीचे पैसे परत मिळतात. त्या दिवसापासून त्यांना तोच एक नाद लागला.

जूनमध्ये, पेरणीची गडबड चालू असताना, त्यांनी यवतमाळला जायची तयारी केली. तो रविवार होता, बायका ओसरीवर होत्या. मामाजी अंगणात बसून सुपारी कातरत होते.

"कुकडे चालल्या बाई, रविवारच्या?"

"उद्याच्याले चालली, काकाजी. आज कागदं लावून राह्यली. रिटर्न भराचा आहे."

मामाजींचा अडकित्ता थांबला. "भरनं म्हंजे देनं. रिटर्न म्हंजे वापस येनं. मंग तुमी देऊन राह्यल्या का आनून राह्यल्या?"

"आंधी देल्ते. आता आनून राह्यली."

"सरकारकडून?"

"सरकारकडून."

"वापस?"

"वापस!"

मामाजी हसले. ते वर्षातून फार थोड्या वेळा हसत. त्या वर्षांत हसण्यासारखं होतंही कमी. कापसाचा भाव पडलेला, खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग, आणि कापूस तोलून दिल्यावरही चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. दोन माणसं रस्त्यात भेटली की राम राम म्हणायच्या आधी एकमेकांना विचारत, "आला का चुकारा?"

"बाई," मामाजी म्हणाले, "आमी कापूस देल्ला तरी आमचा चुकारा येत नाही. तुमचा तं कापूस बी नाही. तुमाले कायचा चुकारा देते सरकार?"

"देईन ना सरकार. जास्तीचे घेतले थे देईन."

"नाही देत."

"देईन."

"लावा शर्यत!"

ओसरीवरच्या बायका सरसावून बसल्या. मामाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "पुढच्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत मुदत. नाही आले तं हे रविवारचं खिदळनं बंद. पेपर बी बंद."

मी दाराआड कणीक मळत होते, माझे हात थांबले. आठवड्याचे बाकी सगळे दिवस एकमेकांसारखेच असायचे. रविवारची ती दुपार तेवढी वेगळी. बाईंनी आमच्याकडे बघितलं, मग मामाजींकडे.

"कबूल. आन् आले तं?"

"आले तं तुमी सांगान थे."

"आले तं जिलबी. तुमी सोता तळायची. शाळेसमोर, साऱ्या गावाच्या देखत."

मामाजींनी जन्मात झारा हातात धरलेला नव्हता. पाण्याचा गडूसुद्धा समोर आणून द्यावा लागे. पण शब्द गेला होता आणि ऐकायला अर्धं गाव होतं. "कबूल," ते म्हणाले.

खरी गंमत त्याच संध्याकाळी झाली. पैसे परत मागायचे तर घरभाड्याच्या पावत्या लागणार होत्या, आणि पावत्यांवर रेव्हेन्यूचं तिकीट लावून घरमालकाची सही लागणार होती. घरमालक म्हणजे मामाजी. बाई पावत्यांचा गठ्ठा, तिकिटं आणि पेन घेऊन त्यांच्या समोर जाऊन बसल्या.

"म्हंजे शर्यत मी लावली, आन् तुमाले जितवाले सही बी मीच कराची?"

"भाडं तं घेतलं ना काकाजी?"

"घेतलं."

"मंग?"

"तिकिटावर सही म्हंजे रोखा असते, बाई. उद्या सरकार माह्याच दारी आलं तं?"

"सरकार अजून कापसाच्या केंद्रावरून नाही निघालं, तुमच्या दारी कवा येते!" बाई म्हणाल्या. "नाही केली सही तं गाव म्हनेन, काकाजी भिऊन जितले."

मामाजींनी पेन ओढून घेतलं. प्रत्येक तिकिटावर त्यांनी अशी सही केली की कागद पलीकडे फाटायला आला. "घ्या! वैऱ्याच्या हातची सही हाय, पावनार नाही!" बाईंनी पावत्या फुंकर मारून वाळवल्या आणि डोक्याला लावल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मलाही यवतमाळला घेऊन गेल्या. मामाजींना सांगितलं, घरमालकाच्या घरचं माणूस सोबत असलेलं बरं. असं काही लागत नव्हतं, ते मला तिथे गेल्यावर कळलं. फॉर्मचं नाव होतं 'सरल'. बाईंनी तो उभा धरला, आडवा धरला. "नाव ठेवलं सरल, आन् रकाने पाह्य कसे! मसनवट्याची वाट बी याच्याहून सरळ असते." रांगेतले दोन-तीन जण हसले. खिडकीतल्या साहेबांनी कागद घेतले आणि पोचपावतीवर ठप्पा मारला. तो पुसट उठला. बाई म्हणाल्या, "साहेब, जरा ठसठशीत मारा ना. गावात दाखवायचा आहे."

साहेबांनी मान वर केली. पुन्हा ठप्पा मारला.

"पैसे पोळ्याच्या आत येतील ना?"

"बैलजोडी घ्यायची आहे का बाई?"

"नाही साहेब, एका मानसाले तळाले बसवाचं आहे."

साहेब आमच्याकडे बघतच राहिले. बाई तोवर रांगेतून बाहेर पडून भिंतीला धरून उभ्या होत्या, खांदे हलत होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी ती पोचपावती मला वाचायला दिली. मी सगळी वाचली, ठप्पासुद्धा.

मग वर्ष चालू झालं. हिवाळ्यात मामाजींनी कापूस केंद्रावर नेला. पहिला हप्ता मिळाला, बाकीचा अडकला. आता दोघंही वाट बघणारे झाले. सकाळी बाई ओसरी झाडायला निघाल्या की मामाजी विचारायचे, "आला का चुकारा?"

"नाही जी. तुमचा?"

"नाही."

"घ्या मंग, चहा घ्या."

असं रोज. बाईंच्या पैशाला चुकारा हेच नाव पडलं. रिफंड कुणी म्हणत नव्हतं. पहिलीची पोरं हजेरी झाल्यावर विचारायची, "बाई, चुकारा?" नेरहून सायकलवर येणारे पोस्टमन बशीरभाई गावात शिरताना लांबूनच दोन्ही हात सोडून नाही म्हणून दाखवायचे. एकदा त्या नादात ते नालीत पडले. बाईंनी त्यांना उठवलं, कपडे झटकले, चहा पाजला आणि म्हणाल्या, "बशीरभाई, आता हो म्हनालेच हात सोडा."

पुन्हा पेरणी झाली. श्रावण आला. पोळा जवळ येऊ लागला तसं आमचं वाचन वाढलं. बायका रविवारबरोबर बुधवारीही येऊ लागल्या. जाहिराती सोडून आम्ही अग्रलेखापर्यंत पोचलो होतो. मिळेल तेवढं वाचून घ्यायचं, उद्या राहील न राहील. बाई हसायच्या, पण हसू अर्ध्यात संपायचं. मधल्या सुट्टीत त्या शाळेच्या फाटकाशी उभ्या राहून रस्त्याकडे बघायच्या. त्या आठवड्यात म्हैस एकदाही उठली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी घराघरात बैल धुऊन झाले होते. मामाजी बैलाची शिंगं रंगवत होते. एक शिंग झालं होतं. तेवढ्यात वेशीकडून आवाज आला. बशीरभाई सायकलवर उभे राहून, एक लिफाफा डोक्यावर धरून ओरडत येत होते, "चुकारा आ गया! चुकारा आया रे भाई, चुकारा!"

गावात त्या शब्दाचा अर्थ एकच.

मी असं गाव आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. घराघरातून माणसं बाहेर पडली. कुणी पेटीतून कापसाच्या पावत्या काढल्या, कुणी गादीखालून. खरेदी केंद्र नेरला, आणि नेरची बस नेमकी थांब्यावर उभी होती. जी माणसं एरवी चालत बसस्टॉपवर जायला कुरकुरत, ती पळत सुटली. आत जागा संपली तसे काही जण टपावर चढले. मामाजी पाटलासारखे सावकाश चालणारे, ते हातातला रंगाचा कुंचला न ठेवता तसेच धावले. बशीरभाई सायकल फिरवून मागून ओरडत होते, "अरे बाई का! बाई का चुकारा! उतरो!" पण बस धूळ उडवत गेली. बैल एका शिंगाने निळा, एका शिंगाने कोरा, अंगणात उभा.

बाई शाळेतून बाहेर आल्या तेव्हा रस्त्यावर बायका, पोरं आणि बशीरभाई एवढेच उरले होते. बशीरभाईंनी त्यांची सही घेतली, लिफाफा हातात दिला. आत चेक होता. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्या शाळेच्या पायरीवर बसल्या. "ये याडी!" एवढंच म्हणाल्या. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. आम्हाला वाटलं रडतात की काय. मग त्यांनी विचारलं, "आन् मानसं कुठं गेली सारी?" बशीरभाईंनी खाली मान घालून सांगितलं.

ते हसू मी विसरणार नाही. बाई पायरीवरून खाली घसरल्या. बशीरभाई हसले, आम्ही हसलो, फाटकाला लटकलेली पोरं हसली. म्हैस नुसती उठली नाही, दावं तोडून गल्लीत आली.

पण जशी संध्याकाळ होऊ लागली तसं हसू ओसरलं. परत येणाऱ्या माणसांच्या हातात काही नसणार होतं, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. बाई ओसरीवर येऊन बसल्या. "वनिते, हे वाईट झालं वं," त्या म्हणाल्या. "जितली बी, आन् तोंड दाखवाले जागा बी नाही."

माणसं चालत आली. परतीची बस मिळाली नव्हती. मामाजींच्या सदऱ्यावर निळे डाग होते, कुंचला अजून हातात. ते सरळ ओसरीसमोर येऊन थांबले. मागे बाकीचे थांबले.

"दाखवा," ते म्हणाले.

बाईंनी चेक पुढे केला. मामाजींनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, उजेडाकडे धरला.

"खरा आहे?"

"खरा आहे, काकाजी."

"सरकारचा?"

"सरकारचाच."

मामाजींनी तो कागद जपून बाईंच्या हातात परत दिला. मागे कुणीतरी खोकलं.

"म्हंजे वापस येते," ते म्हणाले.

"येते, काकाजी."

"मंग आमचा बी येईन." त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. "येईन ना रे? बाईचा कापसाबिगर आला, आपन तं तोलून देल्ला हाय!" कुणीतरी हो म्हणालं. मग मामाजींनी कुंचला माझ्या हातात दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले, "सूनबाई, कढई कुठं ठेवली?"

त्या संध्याकाळी पीठ भिजवलं. दुसऱ्या दिवशी बैल फिरून आल्यावर शाळेसमोर चूल मांडली. मामाजी डोक्याला उपरणं गुंडाळून कढईसमोर बसले आणि फडक्याच्या भोकातून पीठ सोडू लागले. बाई शेजारी उभ्या राहून शाळेत गिरवायला सांगावं तसं सांगत होत्या, "गोल, काकाजी, गोल! शून्य काढा! शून्यात शून्य!" शून्य काही निघेना. एक जिलबी खेकडा झाली, एक नांगर झाली. बशीरभाईंना मिळाली ती त्यांनी उचलून सगळ्यांना दाखवली, "देखो, ये तो मेरे सायकल की चेन है!"

पहिली जिलबी मामाजींनी बाईंना दिली. ती एका बाजूने काळी होती. "कशी झाली?"

"पाक गोड आहे," बाई म्हणाल्या.

"आन् जिलबी?"

"थे बी येईन, काकाजी. चुकाऱ्यावानी."

सगळं गाव हसलं. मामाजीही हसले, आणि हसता हसता पुढचा घाणा जळाला.

रविवारची ओसरी चालू राहिली. मामाजी आता अंगणात खाट टाकून पाठमोरे बसायचे, ऐकत नाहीत असं दाखवत. जाहिरात वाचली की पाठमोरेच म्हणायचे, "त्याले नका देऊ. जमीन किती, थे लिहिलंच नाही त्यानं." त्यांचा चुकारा दिवाळीच्या तोंडावर आला, तुकड्या-तुकड्याने. ते त्यांनी आधी बाईंना सांगितलं, मग घरात.

पुढे बाईंची बदली पुसदकडे झाली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते यवतमाळच्या बसस्टँडवर. मी नेरच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. समोर पुसदची बस माणसं उतरवून मागे सरत होती, आणि एक बाई तिच्या पत्र्यावर तळहात आपटत बरोबर चालत होती. केस पांढरे झालेले, पिशवी खांद्याला. कंडक्टरकडे सुटे नव्हते, म्हणून त्याने तिकिटामागे बाकी लिहून दिली असणार आणि विसरला असणार. बाई ते तिकीट झेंड्यासारखं हलवत होत्या. बस थांबली. कंडक्टर दारात वाकून चिल्लर त्यांच्या हातावर ठेवू लागला आणि काहीतरी बोलला. बाई हसल्या. स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले.

तेवढ्यात आमची बस सुटली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "बाई! राठोड बाई!"

त्यांनी ऐकलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पण कुठल्या खिडकीतून हाक आली ते काही त्यांना कळेना. मग त्यांनी तो विचारच सोडला. चिल्लर मुठीत, हात वर, आणि पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत सगळ्या बसला त्या हात हलवू लागल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोन आहे वं थे?" आणि उत्तराची वाट न बघता त्यानेही हात हलवला. पुढच्या बाकावरच्यांनी हलवला, मागच्यांनी हलवला. बस फाटकातून बाहेर पडली तेव्हा अख्खी बस हात हलवत होती.